सज्ज्यातली शिट्टी

१

चर्चमधलं एखादं भूत नाहीसं झालं असतं, तर कोणाला पत्ताही लागला नसता. तीनशे वर्षांच्या त्या दगडी इमारतीत भुतांना तोटा नव्हता. घंटेच्या मनोऱ्यात एक होतं, तळघरात दोन, आणि वर सज्ज्यात ऑर्गनपाशी ती नावाजलेली शिट्टीवाली. पण शुक्रवारी सकाळी नाहीशा झालेल्या आढळल्या त्या नळ्या. ऑर्गनच्या पोटातल्या, बोटभर लांबीच्या, एकूण अकरा.

ऑर्गनची तपासणी करायला वर्षातून एकदा परगावचा कारागीर यायचा. त्याने मागचं लाकडी दार उघडलं, आत बॅटरी मारली आणि फादरना हाक मारली. फादरनी चर्चच्या समितीला कळवलं. समितीने दुपारच्या जेवणाआधी चोर ठरवूनही टाकला. सज्ज्याला कुलूप एक आणि किल्ल्या दोन. एक किल्ली ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंकडे. त्या चाळीस वर्षं तिथे वाजवत होत्या, त्यांच्याकडे बोट दाखवायची कोणाची टाप नव्हती. दुसरी चर्चच्या राखणदाराकडे. रविवारी प्रार्थनेनंतर समिती बसणार होती, आणि तोवर नळ्या मिळाल्या नाहीत तर राखणदाराने नोकरीही सोडायची आणि आवारातली खोलीही.

राखणदाराचं नशीब एवढंच की त्याला एक मोठी बहीण होती. पस्तीस वर्षं ती टपाल खात्यात होती, तीही अशा टेबलावर, जिथे कोणालाच न पोचणारी पत्रं येऊन पडायची. अर्धा पत्ता, पुसलेलं नाव, पावसात फुटलेली शाई. ती असल्या पाकिटाकडे दहा मिनिटं बघायची आणि माणूस शोधून काढायची. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी सगळे तिला टपालताईच म्हणत.

"ताई, मी हात लावला नाही गं," धाकटा म्हणाला. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, पण बहिणीसमोर अजून शाळेतून तक्रार आल्यासारखा उभा राहायचा.

"मग कोणी लावला?"

"तिनेच." त्याने छताकडे बोट केलं.

"तिने म्हणजे?"

"शिट्टीवालीने."

ताईने कपाळावर हात मारून घेतला. "हे तू समितीपुढे बोललास?"

"बोललो की. म्हणून तर रविवारपर्यंतचीच मुदत दिली."

२

शिट्टीवालीची गोष्ट अशी, की शंभरेक वर्षांपूर्वी तिथे ऑर्गन वाजवणारी एक बाई वाजवता वाजवताच गेली. तिचं बोट शेवटच्या बारीक सुरावर राहिलं, आणि तो सूर पूर्ण करायला ती अजून येते. गेल्या वर्षापर्यंत ही गोष्ट फक्त गोष्ट होती. मग खरंच कोणीतरी शिट्टी ऐकली. तीही भर दुपारी, बुधवारी, चर्च दोन ते चार बंद असताना. बाहेर फुलं घेऊन थांबलेल्या बायकांनी ऐकली, रस्त्याने जाणाऱ्यांनी ऐकली. एकदा तर खुद्द धाकट्याने ऐकली. तो धावत वर गेला तर ऑर्गनसमोरचं बाक रिकामं, आणि डोळ्यांदेखत एक पट्टी खाली दबलेली. पुढे काय झालं ते त्याला आठवत नव्हतं, कारण तो जिन्यावरून खाली कसा आला हेही त्याला आठवत नव्हतं.

ताईचा भुतांवर विश्वास नव्हता. पण भाऊ खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, आणि हे सांगताना ते पांढरे पडले होते. इथेच तिचं गाडं अडलं.

फादर तिला वर घेऊन गेले. बेचाळीस वर्षांचे, चपळ, जरा घाबरट. ऑर्गनच्या मागचं दार उघडल्यावर आत एक छोटं लाकडी गावच होतं. मागे माणसाएवढ्या नळ्या, पुढे पेन्सिलीएवढ्या. पुढच्या रांगेच्या टोकाला अकरा भोकं, आणि प्रत्येक भोकात कागदाचा घट्ट बोळा.

"हे बोळे कोणी घातले?"

"चोरानेच. कारागीर म्हणाला, भोक मोकळं राहिलं तर हवा फसफसते आणि लगेच कळतं. बोळे होते म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. एक पट्टी दाबली की बऱ्याच रांगांतल्या नळ्या एकदम वाजतात, बाकीच्या वाजतच होत्या ना."

ताईने एक बोळा ओढून काढला आणि उलगडला. दर रविवारी वाटतात तो प्रार्थनेचा छापील कागद होता. टपालातल्या माणसाची नजर आधी तारखेवर जाते. तिने दुसरा उलगडला, मग तिसरा. अकराही कागद तिने बाकावर ओळीने मांडले आणि बराच वेळ नुसती बघत बसली.

सगळ्यात बारीक नळीच्या भोकातला कागद दहा महिन्यांपूर्वीचा होता. तिच्या शेजारचा त्यानंतरच्या महिन्यातला. असं करत करत अकरावा, सगळ्यात मोठ्या नळीचा, गेल्या रविवारचा. कुठे दोन कागदांत महिन्याचं अंतर, कुठे तीन आठवड्यांचं, पण क्रम एकदाही मोडला नव्हता.

"फादर, मागच्या त्या मोठ्या नळ्यांत धातू किती असेल?"

"एकेक उचलायला दोन माणसं लागतात."

"आणि त्या सोडून हा चोर दहा महिने खपून बोटाएवढ्या अकरा नेतो. तेही रांगेने. वर आपल्यामागे भोकं बुजवून जातो." ताईचं डोकं चक्रावून गेलं होतं. "असला चोर मी जन्मात पाहिला नाही."

निघताना तिला पट्ट्यांच्या वरच्या फळीवर एक दगड दिसला. नदीतला गुळगुळीत, मुठीएवढा, आणि त्याला खालून मऊ लोकरीचं कापड चिकटवलेलं. तिने तो हातात घेऊन तोलला, पण त्याचं काम काय हे काही तिला कळेना.

३

ऑर्गनवाल्या बाई शनिवारी सकाळी आवारातच भेटल्या. एकाहत्तर वर्षं वय, पाठ ताठ, नखं बारीक कापलेली. चाळीस वर्षांत एक रविवार चुकवला नव्हता, आणि हे त्या स्वतः कधी सांगत नसत, बाकीचे सांगत.

"तो दगड? पानं उडू नयेत म्हणून," बाई म्हणाल्या.

"मधल्या वारी कधी वर जाता का तुम्ही?"

"माझं काम रविवारचं."

"आणि शिट्टी?"

"चाळीस वर्षं मी त्या बाकावर बसतेय, टपालताई. एकदाही मला शिट्टी ऐकू आलेली नाही. लोकांना काय, काहीही ऐकू येतं." बोलता बोलता त्यांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. "तुमच्या भावाचं फार वाईट वाटतं मला."

वाईट वाटत होतं हे खरंच होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. ताईला पटलं नाही ते दगडाचं. सज्ज्यात उघडणारी खिडकी नव्हती. वारा यायचा कुठून? पण एवढ्या प्रतिष्ठित बाईला दगडावरून खोटं कसं पाडणार? ताईने तो विषय तिथेच सोडला आणि भूतवाल्याला गाठलं.

भूतवाला म्हणजे पर्यटकांना चर्चची भुतं दाखवत हिंडणारा गाईड. तिशीतला माणूस, उन्हाळ्यातही काळा लांब कोट. शिट्टीवाली वाजायला लागल्यापासून त्याच्या फेऱ्या दुप्पट झाल्या होत्या, त्यामुळे ताईच्या मनात त्याचं नाव पहिलं होतं.

"मी खोटं भूत कशाला करू?" तो दुखावून म्हणाला. "खरं आहे ना आपल्याकडे! आधी म्हातारीसारखा एक लांब उसासा येतो. मग शिट्टी. बारीक, कान टोचणारी. हे बघा, गेल्या महिन्यात बाजूच्या खिडकीखाली उभा राहून फोनवर घेतलंय."

त्याने फोन तिच्या कानाशी धरला. उसासा ऐकू आला, खरंच एखाद्याने छाती भरून घ्यावा तसा. त्यानंतर काहीच नाही. ताई वाट बघत राहिली. रस्त्यावरची एक गाडी गेली, कोणीतरी खोकलं, आणि ध्वनिमुद्रण संपलं.

"ऐकलंत?" भूतवाला विजयाने म्हणाला.

"काय ऐकायचं? यात शिट्टी आहे कुठे?"

त्याने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "चेष्टा करताय का?"

"चेष्टा तू चालवली आहेस. गावाला फसवलंस ते फसवलंस, मला नको फसवू. पाठव ते माझ्या फोनवर, उद्या समितीलाच ऐकवते."

"पाठवतो की," तो म्हणाला. आता तोही चिडला होता. "आणि माझी चौकशी करण्यापेक्षा घरात करा. दर बुधवारी दोन वाजता तुमचा भाऊ मागच्या फाटकातून भरलेली पिशवी घेऊन पळतो. मी डोळ्यांनी बघतो. विचारा, पिशवीत काय असतं."

ताईच्या पायाखालची वाळू सरकली. कारण धाकट्याने तिला शपथेवर सांगितलं होतं, की बुधवारी दुपारी तो चर्च बंद करून आपल्या खोलीत पडलेला असतो.

४

धाकटा खोलीत सामान बांधत होता. सामान तरी काय, दोन पातेली, एक स्टोव्ह, कपड्यांची पेटी. भिंतीवरचं कॅलेंडर त्याने अजून काढलं नव्हतं. ताई दारातच उभी राहिली.

"बुधवारी पिशवीत काय असतं?"

त्याचे कान लाल झाले.

"अरे, मी विचारतेय. काय नेतोस?"

"काही नाही."

"माझ्यापासून लपवतोस? आईनंतर कोणी वाढवलं तुला? मी सगळ्या गावाशी भांडतेय तुझ्यासाठी, आणि तू मलाच तोंडघशी पाडतोस?" बोलता बोलता तिचा आवाज फाटला. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, की यानेच नळ्या नेल्या असतील. असं वाटल्याची तिला लाज वाटली, आणि लाजेने राग आणखी चढला. "सगळे मेले सारखे! तो भूतवाला मला कोरी शांतता ऐकवून म्हणतो शिट्टी ऐका. हे बघ, हीच ती तुमची शिट्टीवाली!"

तिने फोन काढून मोठ्याने लावला. उसासा आला. आणि मग धाकट्याने हातातलं पातेलं टाकून दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बंद कर! ताई, बंद कर गं ते!"

ताईने बंद केलं. धाकटा पेटीवर मटकन बसला. घामाने चेहरा निथळत होता, आणि मग सगळं भडाभडा बाहेर पडलं. त्या दिवशी पट्टी आपोआप दबलेली पाहिल्यापासून बुधवारी चर्चमध्ये थांबायची त्याची हिंमतच नव्हती. दोन वाजले की मळके कपडे पिशवीत भरायचे, धोब्याच्या दुकानात जाऊन चार वाजेपर्यंत इस्त्री बघत बसायचं. चर्चचं मागचं दार तसंच उघडं सोडून. राखणदारच भुताला घाबरतो हे कळलं असतं तर लोकांनी जगणं मुश्कील केलं असतं.

"म्हणून खोटं बोललो. चोरी नाही केली गं."

पण ताईचं त्याच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती फोनकडे बघत होती.

"तुला आत्ता यात काय ऐकू आलं?"

"काय म्हणजे? शिट्टी! कान किटले माझे." धाकट्याने मान वर केली. "तुला नाही आली?"

५

ताई आधी फादरकडे गेली आणि काही न सांगता फोन लावला. फादरनी तोंड वाकडं करून कान झाकला. फुलं लावणारी एक तरुण बाई तर खांबामागून ओरडली, "कोण वाजवतंय ते?" ताईला मात्र उसाशापुढे काही नव्हतं. सहासष्ट वर्षांचे कान. टोकाचे बारीक सूर ते कधी सोडून गेले, ते तिला कोणी कळवलंच नव्हतं.

ती चर्चच्या पायरीवर बसली. दोन दिवस डोक्यात नुसता गुंता होता, त्याची पत्रं ती आता एकेक करून खणात टाकायला लागली. शिट्टी खरी होती. म्हणजे बुधवारी वर कोणीतरी ऑर्गन सुरू करत होतं, आणि उसासा होता तो भात्यात हवा भरल्याचा. बाक रिकामं आणि पट्टी दबलेली, म्हणजे पट्टीवर दगड ठेवून वाजवणारी व्यक्ती आत नळ्यांपाशी होती. पट्टीला ओरखडा पडू नये म्हणून दगडाला कापड. भोकं बुजवणारं माणूस ऑर्गनवर जीव टाकणारं होतं. आणि नळ्या गेल्या त्या वरच्या टोकापासून खाली, क्रमाने, दहा महिने. चोर असा चोरत नाही. पण ऐकणं असंच जातं.

चाळीस वर्षं बाकावर बसून ज्यांना शिट्टी ऐकू आली नाही, त्या खोटं बोलत नव्हत्या.

"चल," तिने धाकट्याला सांगितलं. "मला तुझे कान हवेत."

बाईंनी दार उघडलं, ताईकडे पाहिलं, मागे उभ्या धाकट्याकडे पाहिलं, आणि न विचारताच बाजूला झाल्या. खोलीत खिडकीशी टेबल होतं. ताई म्हणाली, "बोळे तुम्ही घातलेत." बाईंनी टेबलाचा खण उघडला. अकरा नळ्या, प्रत्येक फलालीनच्या तुकड्यात गुंडाळलेली, प्रत्येकीला तारखेची चिठ्ठी.

"एकेक मुकी होत गेली," बाई म्हणाल्या. "रविवारी वाजवताना कळायचं, की वरचा सूर येत नाही. मग बुधवारी जाऊन पट्टीवर दगड ठेवायचा, आत शिरून नळीला कान लावायचा. काही नाही. घरी आणून साफ केली, तेल लावून पुसली, तरी नाही. समितीला ऑर्गन काढून विजेवरची पेटी आणायची आहे, दोन वर्षं चाललंय त्यांचं. हा मरायला लागलाय हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मोडीत काढला असता. म्हणून लपवलं."

"आणि माझा भाऊ? त्याला मोडीत काढलेला चालतो?"

बाईंचा चेहरा उतरला. "काल त्यांचं नाव निघालं तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ रेटली नाही. उद्या सांगणार होते."

"उद्या! तो आज सामान बांधतोय. तीन पिढ्यांचं नाव आहे आमचं या गावात, आणि लोक त्याला नळीचोर म्हणून हाक मारतायत. तुमच्या दारावरून कोणी असं ओरडत गेलं असतं तर?" ताईचा संताप अनावर झाला होता. धाकट्यानेच तिचा हात धरला.

"पण तुम्हीच बघा," बाई काकुळतीने म्हणाल्या. त्यांनी सगळ्यात छोटी नळी ओठांशी धरली. "हवा जाते, सूर नाही. बघा."

त्यांनी फुंकर मारली.

"अहो हळू!" धाकटा किंचाळलाच. कानात बोटं घालून तो दोन पावलं मागे गेला. "कानाचा पडदा फाटेल माणसाच्या!"

बाईंच्या ओठांवर नळी तशीच राहिली. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं, मग ताईकडे.

"मलाही नाही आलं ऐकू," ताई म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. "आपलं वय झालं, बाई."

बाईंनी दुसरी नळी उचलली आणि फुंकली. मग तिसरी. आता त्या नळीकडे बघत नव्हत्या, फक्त धाकट्याच्या चेहऱ्याकडे. तो प्रत्येक वेळी डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. वाजली. वाजली. हीपण वाजली. अकरावी त्यांनी टेबलावर ठेवली. त्या खुर्चीत बसल्या. ताईला वाटलं आता या कोसळणार, आणि ती पाणी आणायला उठली.

"म्हणजे नळ्या धडधाकट आहेत," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या चक्क हसत होत्या. "ऑर्गनला काहीच झालेलं नाही. मग समिती आता काय म्हणून काढणार त्याला?"

ताई पाण्याचा पेला हातात घेऊन उभीच राहिली. या बाईला रागवावं, सावरावं की मिठी मारावी, तिला काही कळेना.

६

रविवारी कारागिराने सकाळी लवकर येऊन नळ्या जागच्या जागी बसवल्या. प्रार्थनेआधी बाई सज्ज्यातून खाली उतरल्या आणि भरल्या चर्चमध्ये, कोणी बोलवलं नसताना, समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"नळ्या मी नेल्या होत्या. शिट्टीवालीही मीच. ऑर्गन ठणठणीत आहे, बिघडले ते माझे कान. राखणदारांवर आळ आला तेव्हा मी एक दिवस गप्प बसले, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस." त्या धाकट्याकडे वळल्या. "तुमची माफी मागते. सगळ्यांसमोर आळ आला, म्हणून सगळ्यांसमोर."

मागे भूतवाल्याने कोटाची बटणं सोडली. समितीचे अध्यक्ष उठले, घसा खाकरला आणि म्हणाले की अर्थातच राखणदाराने खोली सोडायचं काही कारण नाही, उलट समितीची इच्छा आहे की त्यांनी राहावं.

"विचार करून सांगतो," धाकटा म्हणाला. ताईने त्याला कोपराने ढोसलं, तेव्हा तो म्हणाला, "केला विचार. राहतो."

"पण मग आता वाजवणार कोण?" फादरनी हळूच विचारलं. प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता.

"मी," बाई म्हणाल्या. "खालचे सूर अजून माझे आहेत. वरचे बोटांना पाठ आहेत. तेही जातील तेव्हा मी स्वतः किल्ली आणून देईन."

त्या जिना चढून गेल्या. भात्याने उसासा टाकला, आणि ऑर्गन सुरू झाला. ताई पहिल्या बाकावर बसली होती, धाकट्याच्या शेजारी. खालचे सूर तिच्या पायांना जमिनीतून कळत होते, मधले छातीत भरत होते. मग बाईंचे हात उजवीकडे सरकत गेले, पट्ट्यांच्या अगदी टोकापर्यंत, आणि ताईसाठी तिथे नुसती शांतता झाली. तिने मान वळवून वर पाहिलं. बाई पट्ट्यांकडे बघतच नव्हत्या. वाजवता वाजवता त्या कठड्यावरून खाली बघत होत्या, आणि ताईने त्यांच्या नजरेमागे नजर नेली. सज्ज्याकडे तोंड वळवून बसलेल्या धाकट्याचे डोळे मिटलेले होते, आणि तो कान न झाकता ऐकत होता.